जुने रेडिओ, फोन आणि तारयंत्रे : संग्रहालयात चालू ठेवावीत की आहेत तशी जपावीत?

वाचनालय_कार्यकर्ता (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाकडे अलीकडेच एक मोठा ठेवा आला आहे. तालुक्यात अनेक वर्षे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे एक गृहस्थ निवर्तले आणि त्यांच्या मुलांनी दुकानातील सामान भंगारात न घालता आमच्या स्वाधीन केले. त्यात मर्फी, फिलिप्स, बुश आणि नॅशनल एको या कंपन्यांचे व्हॉल्व्हचे (म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे) रेडिओ आहेत, आय.टी.आय.चे चकतीचे काळे फोन आहेत, लिलावात घेतलेली, तारेचे संदेश पाठवण्याची मोर्सची कळ आणि ते ऐकवणारा साउंडर आहे, स्पूलचा टेपरेकॉर्डर व त्याच्या फिती आहेत. शिवाय व्हॉल्व्हची खोकी, सर्किटांचे कागद आणि ग्राहकाच्या नावाची चिठ्ठी अडकवलेले, कोणी परत न्यायला न आलेले काही संचही आहेत.

वाचनालयाच्या मागच्या दोन कौलारू खोल्यांत या वस्तूंचे लहानसे संग्रहालय करावे, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. पुढे मात्र कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. रेडिओ वाजला नाही तर नव्या पिढीला त्यातून काय कळणार, तेव्हा दुरुस्त करून, पॉलिश मारून सगळे चालू करावे, असे काही जण म्हणतात. इतरांच्या मते वस्तूला हातच लावू नये. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, परंतु निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे ऐकावे म्हणून हा धागा काढला आहे. खानापूरचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. त्या दमटपणात ही यंत्रे कशी टिकवावीत, हेही सांगावे.

डागणीवाला

मी बेळगावात व्हॉल्व्हच्या काळापासून रेडिओदुरुस्ती केली आहे. मताचे नंतर पाहू. आधी कळकळीची विनंती करतो की यातला एकही संच उत्साहाच्या भरात थेट बोर्डात लावून पाहू नका.

कारण सांगतो. संच वर्षानुवर्षे बंद राहिला की त्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या (विजेचा भार साठवणाऱ्या भागाच्या) आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. अचानक पूर्ण व्होल्टेज मिळाले की तो कंडेन्सर भरमसाट करंट ओढतो, तापतो, फुटतो आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह किंवा मेन ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. मेणकागदाच्या कंडेन्सरांची गोष्ट याहून कठीण आहे, कारण ते वरून धडधाकट दिसतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीला, जोडलेला कंडेन्सर गळू लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. तो ट्रान्सफॉर्मर आज बाजारात मिळत नाही.

दुसरा धोका माणसाला आहे. व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचा. ईसीएच ८१, ईएल ८४ असे ‘ई’ने सुरू होणारे असतील तर संचात बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे ‘यू’ने सुरू होणारे असतील तर तो एसी-डीसी संच आहे, त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि पत्र्याची चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळी चासी जिवंत होते. अशा संचाची खुंटी निघालेली असेल आणि मुलाने उघड्या दांड्याला हात लावला, तर काय होईल ते सांगायला नको.

तपासायचेच असेल तर जाणत्याने आधी कंडेन्सर मोजावेत आणि मग साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्यावी. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आशा आहे. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून तत्काळ बंद करावे.

शहापूरकर

डागणीवाले काकांनी सांगितलेला धोका खरा आहे. म्हणूनच मला वेगळा मार्ग सुचतो. मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणकेंद्रे बंद होत चालली आहेत, तेव्हा रेडिओ दुरुस्त करूनही त्यावर ऐकणार काय? त्यापेक्षा लाकडी कॅबिनेट तसेच ठेवून आत ब्लूटूथचा लहान बोर्ड बसवावा. बाहेरून रेडिओ जुना दिसेल, जुनी गाणी वाजतील आणि शॉक बसण्याची भीतीही राहणार नाही.

डागणीवाला

चासी काढून टाकल्यावर उरतो तो रेडिओ नव्हे, रेडिओचा खोका. माझा या सूचनेला स्पष्ट विरोध आहे.

संग्रहपाल_ताई

मी कोल्हापुरात संग्रहालयशास्त्राशी संबंधित काम करते. माहेर चिकोडी तालुक्यातले आहे, त्यामुळे या धाग्याबद्दल विशेष आपुलकी वाटली.

धागाकर्ते विचारतात तो प्रश्न माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की या वस्तूंमध्ये कोणती माहिती साठलेली आहे आणि आपण ती पुसणार तर नाही ना? फिलिप्सचा एखादा रेडिओ देशात हजारो घरांत होता. तुमच्याकडे आलेला संच मात्र एका विशिष्ट दुकानातून आलेला आहे. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली तारीख असेल, कोणता व्हॉल्व्ह बदलला त्याची नोंद असेल, मूळ विलायती व्हॉल्व्हच्या जागी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तुटलेल्या डायलच्या दोरीच्या जागी साधा मांजाचा दोरा असेल. आयात माल मिळेनासा झाला तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी एका कारागिराने यंत्रे कशी जगवली, याचा हा पुरावा आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या दप्तरात सापडणार नाही. सँडपेपर आणि पॉलिश यांनी तो अर्ध्या तासात नाहीसा होतो.

म्हणून सुरुवात नोंदवहीने करा. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या, सर्व बाजूंनी आणि आतून छायाचित्रे घ्या, कोणाकडून आली, कोणत्या अवस्थेत आली, सोबत काय होते, ते लिहा. ग्राहकाच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून फेकू नका. त्या पाकिटात घालून त्याच क्रमांकाने ठेवा, मात्र लोकांची नावे प्रदर्शनात मांडू नका. क्रमांक थेट बेकेलाइटवर किंवा लाकडावर लिहू नये. पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर शाईने लिहितात, म्हणजे पुढे तो थर काढता येतो. मात्र त्याचा द्रावक काही प्लॅस्टिक विरघळवतो, तिथे दोऱ्याने बांधलेली चिठ्ठीच बरी. एखादा भाग बदलावाच लागला तर काढलेला भाग त्याच संचाच्या नावाने जपून ठेवावा.

जुन्या बॅटऱ्या मात्र आजच काढा. त्यातून पाझरणारे रसायन पितळी पट्ट्या आणि सर्किट खाऊन टाकते. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यायला विसरू नका.

हलियाळकर

ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. आमच्या घरच्या मर्फीच्या डायलच्या काचेखाली वडिलांनी कागदाची अरुंद पट्टी चिकटवली होती आणि तीवर शाईने बारीक रेघा मारून केंद्रांची नावे लिहिली होती. धारवाड कन्नडमध्ये लिहिले होते, कारण बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम तिथून ऐकायचा. पुणे, सांगली आणि पणजी मराठीत लिहिले होते. धारवाड ७६५ किलोहर्ट्‌झवर आणि पुणे ७९२ वर, म्हणजे डायलवर दोन्ही अगदी लगत. रात्री खुंटी केसभर फिरवली की कन्नड मागे पडून मराठी ऐकू येई. धारवाड केंद्र १९५० मध्ये आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. आमच्या भागातील मराठी घरांचा कान या दोन केंद्रांमध्ये वाढला. तो रेडिओ घरच्यांनी पुढे ‘रिस्टोअर’ करून घेतला. कारागिराने काच चकचकीत केली आणि पट्टी खरवडून टाकली. रेडिओ आता सुंदर दिसतो, वाजतोही, पण तो कोणत्याही गावातला असू शकतो.

धागाकर्त्यांनी आपल्याकडील प्रत्येक डायल भिंगाखाली पाहावा, ही विनंती.

शहापूरकर

हलियाळकरांच्या पट्टीने मला विचारात पाडले, हे मान्य करतो, आणि ब्लूटूथचा आग्रह सोडतो. तरीही एक हरकत कायम आहे. सगळेच मुके ठेवले तर मुले एकदा येतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत. जगातील मोठी संग्रहालयेही यंत्रे चालवतात. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला कोलोसस हे युद्धकाळातील व्हॉल्व्हचे यंत्र चालताना पाहता येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संगणक संग्रहालयात आयबीएम १४०१ हा संगणक निवृत्त अभियंत्यांनी दुरुस्त करून चालू ठेवला आहे. मग आपणच का कचरावे?

संग्रहपाल_ताई

दोन्ही उदाहरणे उत्तम आहेत, पण ती एकाच गोष्टीची नाहीत. ब्लेचलीला चालतो तो मूळ कोलोसस नव्हे. मूळ यंत्रे युद्धानंतर बहुतांशी मोडून टाकण्यात आली. टोनी सेल या अभियंत्यांनी १९९३ मध्ये उरलेल्या छायाचित्रांवरून, आराखड्यांच्या तुकड्यांवरून आणि जुन्या अभियंत्यांच्या आठवणींवरून पुनर्बांधणी सुरू केली आणि ती २००७ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे चालवण्यासाठी प्रतिकृती, हे धोरण त्यातून दिसते. आयबीएम १४०१ मात्र मूळ यंत्र आहे आणि ते चालवले जाते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तिथे एका प्रकारची दोन यंत्रे आहेत, सुटे भाग आहेत आणि ते यंत्र उमेदीच्या वयात हाताळलेली माणसे नियमाने येतात. एवढी तजवीज असेल तर मूळ यंत्र चालवायला माझी हरकत नाही. एकच नमुना असेल आणि जाणणारा कोणी नसेल, तर ठाम हरकत आहे.

तारमास्तरांची_नात

चालवायचे असेल तर मोर्सचा संच चालवा, असे मी सुचवते. माझे आजोबा तारखात्यात होते. कळ आणि साउंडर यांत व्हॉल्व्ह नाहीत, मोठे व्होल्टेज नाही. साउंडर म्हणजे विद्युतचुंबक आणि त्याकडे ओढली जाणारी पितळी दांडी. कमी व्होल्टेजच्या डीसीवर तो काम करतो, फक्त गुंडाळीचा रोध मोजून त्याप्रमाणे पुरवठा द्यावा. मुलांना मूळ कळ देऊ नका. तशीच नवी कळ कोणीही कारागीर करून देईल. मूळ कळ काचेत, तिची बहीण टेबलावर, म्हणजे दोन्ही गटांचे समाधान होईल.

एक गोष्ट दर्शकांना आवर्जून सांगावी. तारमास्तर कागदावरच्या ठिपके-रेघा वाचत नसत. ‘कट्ट-कडकट्ट’ कानाने ऐकून हात थेट मजकूर लिहीत असे. दांडी खाली आपटल्याचा आणि वर सुटल्याचा आवाज वेगळा असतो, त्या दोन आवाजांमधल्या अंतरावरून ठिपका की रेघ ते ओळखायचे. हे काचेमागच्या यंत्रावरून कळणार नाही. भारतात तारेची पहिली प्रायोगिक सरकारी लाइन १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली आणि सेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, ही दोन वर्षे पाटीवर यावीत. शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक असत आणि क्रमांक पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य लिहिले जाई. तसा एखादा छापील तक्ता कोणाच्या घरी असेल तर तोही मिळवावा.

टिळकवाडीचा_विद्यार्थी

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. चकतीचे दोन फोन एकमेकांना जोडून मुलांना बोलू देता येईल का?

दूरध्वनी_निवृत्त

येईल, आणि अवघडही नाही. मी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालो आहे. एक्सचेंजमध्ये लाइनवर सुमारे ५० व्होल्ट डीसी असे. दोन फोन, करंट मर्यादित करणारा रोध आणि २४ व्होल्टचा पुरवठा यांवर बोलणे स्पष्ट ऐकू येते. घंटीसाठी मात्र सुमारे ७५ व्होल्टचा एसी लागतो. तो भाग उघडा राहणार नाही याची काळजी घ्यावी.

चकतीचे काम मुलांना जरूर दाखवावे. चकती फिरवताना काही घडत नाही. ती सोडल्यावर स्प्रिंगने परत येताना लाइन तुटते आणि जुळते, ७ फिरवला तर सात वेळा. स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या एक्सचेंजमध्ये त्या प्रत्येक तुटीसरशी सिलेक्टर एक पायरी वर चढे. एका फोनच्या मागच्या झाकणाच्या जागी पारदर्शक पत्रा लावला की हे उघड दिसते. ज्या फोनचे दोन-चार नमुने आहेत, त्यांतलाच एक यासाठी वापरावा.

आता धाग्याच्या विषयातील एक उणीव दाखवतो. आपण रेडिओ आणि तार यांबद्दल बोलत आहोत. परंतु आपल्या जिल्ह्याचा देशाच्या दूरसंचार इतिहासातील सर्वांत मोठा वाटा निराळाच आहे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने देशातच तयार केलेले १२८ पोर्टांचे (जोडण्यांचे) पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज १९८६ मध्ये बसवले गेले, ते आपल्या कित्तूरला. परदेशी एक्सचेंजांना वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र धूळ, उष्णता आणि वीजपुरवठ्याची अनियमितता सोसून साध्या खोलीत चालावे, अशा बेताने बनवले होते. त्यानंतर खेडोपाडी फोन गेले आणि बसस्टँडवर एसटीडीची पिवळी बूथ उभी राहिली. राणी चन्नम्मांचे कित्तूर सर्वांना ठाऊक आहे. हे कित्तूर फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या प्रकारच्या एक्सचेंजची कार्डे, चौकट, बूथमधील बिल छापणारे मीटर आणि पिवळ्या पाट्या आत्ताच मिळवल्या नाहीत, तर सोन्यासाठी कार्डे वितळवणाऱ्यांकडे सगळे जाईल. बूथची बिले सापडली तर लगेच स्कॅन करा, कारण थर्मल कागदावरील अक्षरे उडून जातात.

निपाणीकर

कित्तूरची माहिती वाचून खरोखर अभिमान वाटला. निपाणीकडील तंबाखूच्या गावांत वीज येण्यापूर्वी बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ होते. त्यांत डीके ९६, डीएल ९६ असे व्हॉल्व्ह असत; फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) सुमारे दीड व्होल्ट आणि वर ९० व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी लागे. बॅटरी महाग, म्हणून बातम्या आणि बाजारभाव ऐकून संच बंद केला जाई. रिकामी बॅटरीही मिळाली तर ठेवावी, फक्त संचापासून दूर, वेगळ्या डब्यात.

रेडिओच्या परवान्यांची पुस्तकेही शोधा. १९८० च्या दशकात परवाना रद्द होईपर्यंत पोस्टात दरवर्षी शुल्क भरावे लागे. कोणत्या गावात रेडिओ केव्हा पोहोचला, हे अशा पुस्तकांवरून कळते.

शहापूरकर

बेळगावच्या कॅम्पातील जुन्या लिलावांतून आलेले लष्करी वायरलेस संच काही घरांत आहेत. ते घ्यावेत का?

डागणीवाला

दोन गोष्टी पाहिल्याशिवाय घेऊ नका. पहिली, संच प्रक्षेपण करणारा असेल तर परवान्याशिवाय तो बाळगणेच १९३३ च्या कायद्याने गुन्हा होते. आजच्या नियमांची चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. दुसरी, मीटरचे आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे असतील तर त्यात रेडियम असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. ती काच कधीही उघडू नये, खरवडू नये.

संकेश्वर_१

स्पूलच्या फितींबद्दल अजून कोणी बोलले नाही. त्यांत गावची भजने, कीर्तने, नाटकाच्या तालमी असू शकतात आणि संग्रहातील सर्वांत नाजूक वस्तू त्याच आहेत. डबा उघडल्यावर शिरक्याचा वास आला तर ती ॲसिटेटची फीत नासू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी करा. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा हेडवर चिकट थर साचला तर तत्क्षणी थांबा. विशेषतः १९७० नंतरच्या काही फितींचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) हवेतील ओल शोषून चिकट होतो. अशा फिती ठराविक तापमानात वाळवून तात्पुरत्या वाजवण्यायोग्य करता येतात, पण ते अनुभवी माणसाचेच काम आहे. ॲसिटेटच्या फितीला तर तो उपाय करूच नये. घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग कोणी करू नयेत. ज्या फिती सुस्थितीत आहेत त्यांचे एकदाच, २४ बिट ९६ किलोहर्ट्‌झला डिजिटल ध्वनिमुद्रण करून मूळ फीत जपून ठेवावी.

हलियाळकर

पावसाचे उत्तर राहिले. आमच्याकडचा अनुभव असा की बाहेरच्या भिंतीला टेकवून काही ठेवू नये, लोखंडी रॅकचा खालचा कप्पा रिकामा सोडावा, कौलांखाली फळ्यांचा माळा करावा. ओल अडवायची म्हणून यंत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की आत बुरशी धरते. डांबराच्या गोळ्यांनी काही प्लॅस्टिक मऊ पडते, त्या टाळाव्यात. सिलिका जेल बंद डब्यातच उपयोगी पडते. व्हॉल्व्ह, हेडफोन आणि कागद अशा डब्यांत ठेवावेत. एक साधे आर्द्रतामापक टांगून रोज आकडा लिहावा, कारण आषाढातली ओल आणि फाल्गुनातला कोरडेपणा यांच्यातील मोठ्या फरकानेच लाकडावरचा पातळ पापुद्रा उकलतो.

वाचनालय_कार्यकर्ता (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीपुढे हा सगळा धागा वाचून दाखवला आणि पुढीलप्रमाणे ठरले. पॉलिश आणि रंग पूर्णपणे थांबवले आहेत. एकमेव असलेला कोणताही नमुना चालवला जाणार नाही. मोर्ससाठी नवी कळ करून घेऊ, फोनची जोडी विद्यार्थीमित्राने दूरध्वनी खात्यातील काकांच्या देखरेखीखाली जोडावी. पाट्या कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतील. कित्तूरच्या एक्सचेंजसाठी एक भिंत राखून ठेवली आहे आणि त्या संदर्भात दूरसंचार कार्यालयाला पत्र पाठवत आहोत.

एकच प्रश्न उरतो. एका प्रकारच्या फिलिप्सचे आमच्याकडे तीन संच आहेत आणि तिन्हींचे व्हॉल्व्ह ‘ई’ मालिकेतले आहेत. त्यांतला एक वाजता करावा, अशी सर्वांची इच्छा आहे. त्यावर ऐकवावे काय आणि कसे?

डागणीवाला

त्या संचांच्या पाठीमागे पाहा. ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोके असतील. डिजिटल केलेले आपल्या भागातील जुने ध्वनिमुद्रण तिथून आत सोडले की संचाच्याच व्हॉल्व्हमधून आणि स्पीकरमधून वाजते, एकही तार कापावी लागत नाही. मागची व्होल्टेजची पट्टी २४० वर ठेवावी, मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असावा, जाणता माणूस हजर असतानाच संच लावावा आणि एका वेळी फार वेळ वाजवू नये. नवे कंडेन्सर जुन्यांच्या रिकाम्या नळ्यांत बसवता येतात. जुना गाभा पाकिटात घालून ताईंच्या नोंदवहीत चढवावा.

मी दिवाळीनंतर येतो, सिरीजचा बल्ब आणि मीटर सोबत आणतो. तिन्ही संच तोपर्यंत कोणी उघडू नयेत.

संग्रहपाल_ताई

काका काम करतील तेव्हा शेजारी ध्वनिमुद्रक चालू ठेवावा आणि ते कोणता भाग का तपासतात, हे त्यांना बोलते करून टिपून घ्यावे. ते मुद्रणही स्वतंत्र दाखल क्रमांकाने नोंदवा. मी त्या दिवशी कोल्हापूरहून येऊ शकेन. नोंदवहीच्या रकान्यांचा नमुना आजच पाठवते.